फ्रँकफुर्टचे रंगारी

मेन नदीच्या काठी, फ्रँकफुर्ट शहराच्या पश्चिमेस, होएख्स्ट नावाच्या गावी १८६३ साली डांबरापासून रंग काढण्याचा एक कारखाना निघाला, आणि त्यानंतरच्या चार दशकांत त्या कारखान्याने व ऱ्हाइनकाठच्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून जगभरच्या रंगाऱ्यांच्या धंद्याची घडी पार विसकटून टाकली. मंजिष्ठेच्या मुळांतले तांबडे द्रव्य १८६९ पासून कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले, तेव्हा माळवा-बुंदेलखंडाकडील आलीच्या मुळ्यांना गिऱ्हाईक उरले नाही. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा तिरहुतच्या निळीच्या कोठ्यांना उतरती कळा लागली. ही हकीकत आपल्याकडे अर्थशास्त्राच्या व स्वदेशीच्या इतिहासात येते, आणि ती तेथे यावी हे योग्यच आहे. परंतु त्याच रंगांनी आणखी एका क्षेत्रात जी उलथापालथ केली, तिची आठवण सहसा कोणी काढीत नाही. मृताच्या मेंदूचे पातळ काप करून ते रंगविणे हा एक नवाच व्यवसाय त्या रंगांमुळे जर्मनीत उभा राहिला. आणि जिवंत पेशी बाहेरून आलेले द्रव्य कोठे व कशी धरून ठेवते, याविषयीची एक नवी कल्पनाही त्याच रंगांच्या अभ्यासातून निघाली. व्यवसायाने अल्झायमर या नावाने आज घरोघरी ठाऊक झालेला रोग ओळखला, तर कल्पनेने त्या रोगावर आजमितीस नित्य दिली जाणारी औषधे पुरविली. दोहोंचे कूळ एक आणि बव्हंशी गावही एक. तरी त्यांची गाठ पडावयास सुमारे सत्तर वर्षे लोटली. ती का लोटली, हा या लेखाचा विषय.

मेंदूचा ताजा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता करड्या-पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसत नाही. पेशी कोणती, तंतू कोणता, निरोगी काय आणि सडलेले काय, हे कळण्यासाठी एखादे द्रव्य असे हवे की जे एका भागास चिकटेल आणि शेजारच्या भागास चिकटणार नाही. हा निवडकपणाच साऱ्या विद्येचे मर्म होता. कार्ल वायगर्ट या विकृतिशास्त्रज्ञाने अ‍ॅनिलीन रंगांनी प्रथम जंतू आणि मग मज्जातंतूंची आवरणे रंगवून दाखविली; १८८५ च्या सुमारास तो फ्रँकफुर्टच्या सेन्केनबेर्ग संस्थेत आला व अखेरपर्यंत, म्हणजे १९०४ पर्यंत, तेथेच राहिला. फ्रान्झ निस्ल याने विद्यार्थिदशेतच चेतापेशींचे अंतरंग रंगविण्याची एक रीत काढून म्यूनिक विद्यापीठाचे पारितोषिक मिळविले होते, आणि पुढे मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाने ती रीत त्याने पूर्णत्वास नेली. निस्ल १८८९ मध्ये फ्रँकफुर्टला आला, तो तेथील वेड्यांच्या इस्पितळात दुय्यम वैद्य म्हणून.

हे इस्पितळ शहराच्या वायव्येस आफेनश्टाइन नावाच्या मोकळ्या रानात होते. मुलांसाठी लिहिलेल्या विनोदी चित्रपुस्तकामुळे घराघरांत पोहोचलेला डॉक्टर हाइनरिख होफमान याने लोकांकडून वर्गणी जमवून, सरकारदरबारी खेटे घालून ही इमारत १८६४ मध्ये उभी केली होती. तिची मनोरे-कमानींची ऐट पाहून लोक तिला वेड्यांचा राजवाडा म्हणत. होफमाननंतर कारभार एमील झिओलीकडे आला. शेकडो रुग्ण आणि वैद्य इतके थोडे की नव्या माणसाची झिओली वाटच पाहत होता. अशा वेळी १८८८ च्या डिसेंबरात मार्क्टब्राइटच्या एका नोटरीचा चोवीस वर्षांचा मुलगा तेथे रुजू झाला. त्याचा प्रबंध कानातील मळ उत्पन्न करणाऱ्या ग्रंथींवर होता. मेंदूच्या इतिहासात नाव कोरणाऱ्या माणसाने कानाच्या मळापासून सुरुवात करावी, यात हसण्यासारखे काही नाही. सूक्ष्मदर्शकावर हात बसण्यास तो विषय इतर कोणत्याही विषयाइतकाच चांगला होता. अलोइस अल्झायमर दिवसा रुग्णांजवळ बसे आणि रात्री निस्लबरोबर काप पाहत असे. पुढे एका श्रीमंत विधवेशी त्याचा विवाह झाला व १९०१ च्या फेब्रुवारीत ती वारली. तिच्या संपत्तीमुळे त्याला पुढील आयुष्यात वेतनाची चिंता उरली नाही, आणि म्यूनिकमध्ये बिनपगारी काम करणे त्याला परवडले. विज्ञानाच्या इतिहासात अशा वारशांचे जमाखर्च कोणी मांडीत नाही, म्हणून हा उल्लेख.

पत्नीच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, ऑगुस्ट देटर नावाची एकावन्न वर्षांची स्त्री या इस्पितळात दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. काही महिन्यांपासून ती त्याच्यावर निराधार संशय घेऊ लागली होती, स्वयंपाकात चुका करू लागली होती, वस्तू भलत्याच ठिकाणी दडवून ठेवीत होती. दुसऱ्या दिवशी अल्झायमरने तिची जी तपासणी केली, तिचा तपशील त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे. नाव विचारले तर तिने ऑगुस्ट म्हणून सांगितले. आडनाव विचारले तरीही ऑगुस्ट. नवऱ्याचे नाव विचारले तर थोडे थांबून पुन्हा तेच. दुपारी तिच्यापुढे फुलकोबी आणि डुकराचे मांस होते. काय खाता म्हणून विचारता तिने पालक सांगितला. तिला आपले नाव लिहावयास सांगितले तर हात मध्येच अडखळे, आणि मी मलाच हरवून बसले आहे अशा अर्थाचे उद्गार ती काढी. अल्झायमरचे मोठेपण या कैफियतीत जितके दिसते तितके त्याच्या पुढील व्याख्यानात दिसत नाही, असे माझे मत आहे. रुग्णाच्या उत्तरात आपले काही न मिसळता, त्याचा लगेच काही अर्थ न लावता, प्रश्न व उत्तर एकाखाली एक लिहून काढणे, हे त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत विरळाच घडे.

अल्झायमर फ्रँकफुर्ट सोडून प्रथम हायडलबेर्ग व मग १९०३ मध्ये म्यूनिक येथे एमील क्रेपेलीन याच्याकडे गेला. पण त्या रुग्णाची चौकशी तो दुरून करीत राहिला. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा झिओलीने तिचे दप्तर आणि मेंदू दोन्ही म्यूनिकला रवाना केली. या वेळी अल्झायमरच्या हाती रंगाखेरीज आणखी एक साधन होते. बर्लिनच्या माक्स बीलशोव्हस्की याने छायाचित्रणाच्या विद्येतून उचललेली, चांदीच्या क्षाराने पेशीतील बारीक तंतू काळे करण्याची रीत नुकतीच प्रसिद्ध केली होती. त्या चांदीने ऑगुस्टच्या मेंदूत दोन गोष्टी उघड केल्या. बाह्यकातील एक चतुर्थांश ते एक तृतीयांश चेतापेशींच्या जागी पीळ पडलेल्या जाड तंतूंचे गुंते होते, काही ठिकाणी पेशी नाहीशी होऊन नुसता गुंताच शिल्लक होता. आणि पेशींच्या बाहेर कसल्याशा विजातीय द्रव्याचे बारीक चकते सर्वत्र विखुरले होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतील मनोवैद्यांच्या परिषदेत त्याने हे सर्व मांडले. सभाध्यक्ष आल्फ्रेड होखे याने चर्चा पुकारली. कोणी काही विचारले नाही. सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे मनोविश्लेषणाच्या वादाकडे वळली आणि तेथे मात्र तोंडे मोकळी सुटली. १९०७ मध्ये त्या व्याख्यानाचा दोन पानांचा वृत्तांत छापून आला. त्याच वर्षी प्राग येथील ओस्कर फिशर याने वार्धक्यात बुद्धी गेलेल्या सोळा रुग्णांपैकी बारांच्या मेंदूंत तसलेच चकते दाखवून दिले होते, आणि संख्येच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे काम अधिक भक्कम होते. तरीही १९१० मध्ये क्रेपेलीनने आपल्या पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत या रोगास नाव दिले ते अल्झायमरचे. त्यामागे प्रागच्या प्रयोगशाळेशी असलेली स्पर्धा किती, मानसिक रोगांचे मूळ मेंदूच्या मांसात सापडते हे फ्रॉइडपंथीयांस दाखविण्याची घाई किती, आणि आपल्या संस्थेचा अभिमान किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. फिशर ज्यू होता. १९४२ मध्ये तेरेझीन येथील नाझी कैदेत त्याचा अंत झाला, आणि त्याच्या कामाची उचित दखल घेण्यास आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली.

क्रेपेलीनच्या त्या नामकरणाने एक अनिष्टही झाले. ऑगुस्ट पन्नाशीतली होती, म्हणून हा पन्नाशीतला दुर्मिळ रोग ठरला. सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांचे विसरणे त्यातून वगळले गेले. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्याकडे जितक्या सहजपणे वापरली जाते, तितक्याच सहजपणे युरोपातील वैद्यकही म्हाताऱ्याच्या विस्मृतीस वयाचा धर्म समजत होते, आणि जेथे रोगच मानला नाही तेथे उपायाची तजवीज कोण करणार? अल्झायमर १९१५ मध्ये ब्रेस्लाऊ येथे वारला. त्याला फ्रँकफुर्टला आणून पत्नीशेजारी पुरले.

आता त्याच शहरातील दुसऱ्या माणसाकडे वळले पाहिजे. वायगर्टचा आईकडून नातलग असलेला, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असा पाउल एअरलिख हा रंगांच्या नादाने अक्षरशः झपाटलेला गृहस्थ होता. त्याचा १८७८ चा प्रबंधच ऊतिरंजनाच्या उपपत्तीवर होता. १८८० च्या दशकात बर्लिनमध्ये त्याने जिवंत प्राण्याच्या रक्तात मेथिलीन ब्ल्यू सोडले, तेव्हा मज्जातंतूंची टोके निळी झाली आणि आसपासचे मांस तसेच राहिले. निस्लनेही तोच रंग वापरला. परंतु निस्ल मेलेल्या पेशीला रंग देत होता आणि एअरलिख जिवंत पेशीला रंग विचारीत होता. एकाला चित्र हवे होते. दुसऱ्याला, हा रंग येथेच का थांबला, तेथे त्याला धरणारे असे काय आहे, हे हवे होते. पेशीच्या अंगावर विशिष्ट द्रव्य पकडणारे विशिष्ट गट असले पाहिजेत, अशी उपपत्ती त्याने १८९७ मध्ये विषे व प्रतिविषे यांच्या संदर्भात मांडली, आणि १९०० मध्ये त्या गटांना ग्राही हे नाव दिले. १८९९ मध्ये त्याची संस्था फ्रँकफुर्टला, नदीपलीकडील झाक्सेनहाउझेन भागात हलली होती. म्हणजे १९०१ च्या त्या हिवाळ्यात ऑगुस्टची जबानी लिहून घेणारा अल्झायमर आणि ग्राहींची चित्रे काढणारा एअरलिख एकाच गावात होते, वायगर्ट दोघांनाही ठाऊक होता. परंतु विस्मृतीचा आणि ग्राहीचा काही संबंध असू शकेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. एक चेतापेशी दुसरीशी बोलते ती कसल्यातरी द्रव्याच्या द्वारे, हेच अजून सिद्ध व्हावयाचे होते.

ते सिद्ध होण्यास केंब्रिज आणि ग्रात्स ही दोन गावे उपयोगी पडली. केंब्रिजच्या जॉन लँग्लीने १९०५ मध्ये दाखविले की, कोंबड्याच्या स्नायूकडे जाणारी नस तोडली तरी निकोटीनने तो स्नायू ताठतोच, आणि क्युरारे दिले की तो परिणाम मावळतो. म्हणजे निकोटीनला धरणारे काही द्रव्य नसेत नसून स्नायूतच असले पाहिजे. एअरलिखला हे प्रथम पटले नव्हते, कारण असली अल्कलॉइडे धुऊन काढली की निघून जातात आणि त्याच्या मते खरे बंधन इतके सैल असू नये. पुढे त्याने ते मान्य केले. मग १९२१ मध्ये ग्रात्स येथील ओटो लोएवी याने बेडकाची दोन हृदये दोन भांड्यांत धडधडत ठेवून, पहिल्याची नस विजेने चेतवली आणि त्या भोवतीचे पाणी दुसऱ्यावर घातले, तो नस नसलेले ते दुसरे हृदयही मंद झाले. हा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला असे तो सांगे, आणि शास्त्रज्ञांच्या स्वप्नांवर मी फारसा विश्वास ठेवीत नसलो तरी प्रयोग निर्विवाद आहे. नसेतून पाझरणारे ते द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीन होते, हे पुढे त्याने व लंडनच्या हेन्री डेलने ठरविले आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांनी वाटून घेतले. हा लोएवी जन्माने फ्रँकफुर्टचाच, आणि तरुणपणी त्याने तेथल्या नगर इस्पितळात उमेदवारीही केली होती. १९३८ मध्ये नाझींनी त्याला तुरुंगात टाकले व पारितोषिकाची रक्कम जर्मन पेढीकडे वळती करून घेतल्यावरच देश सोडू दिले.

लोएवीच्या दोन निरीक्षणांकडे येथे लक्ष वेधले पाहिजे, कारण पुढची सारी औषधविद्या त्यांवर उभी आहे. अ‍ॅट्रोपीन दिले असता नसेतून द्रव्य पाझरत राहते, पण हृदय त्याला दाद देत नाही. म्हणजे अ‍ॅट्रोपीन ग्राहीच अडवून बसते. आणि पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबारच्या घेवड्यातून निघणारे फायसोस्टिग्मीन दिले असता अ‍ॅसिटिलकोलीन लवकर तुटत नाही, त्याचा अंमल लांबतो. यातील पहिल्या द्रव्याशी आपला परिचय जुना आहे. धोतऱ्याच्या बियांत अ‍ॅट्रोपीन आणि त्याचे भावंड स्कोपोलामीन ही दोन्ही असतात. वाटसरूला खाण्यातून धोतऱ्याचे बी चारून लुटणाऱ्यांची प्रकरणे ब्रिटिश अमदानीच्या फौजदारी दप्तरांत जागोजाग आढळतात, आणि असा माणूस बरळतो, हवेत नसलेल्या वस्तू चिमटीत पकडू पाहतो व शुद्धीवर आल्यावर मधल्या वेळचे त्याला काही सांगता येत नाही, हे त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे. जर्मनीतही विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रायबुर्ग येथे बाळंतिणींना मॉर्फीनबरोबर स्कोपोलामीन देत, तेव्हा कळा त्या सोसतच, परंतु सोसल्याची आठवण मागे राहत नसे. फौजदाराला आणि सुइणीला जी गोष्ट ठाऊक होती, तिचा विस्मृतीच्या रोगाशी मेळ घालून पाहणारा वैद्य मात्र १९७४ पर्यंत भेटला नाही.

मधल्या काळात रंगाऱ्यांची वाट अगदीच ओस पडली नव्हती. लीएज येथील पाउल दिव्री याने १९२७ मध्ये मेंदूतील चकते काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिले, तो ते हिरवे चमकले. त्यावरून ते अमिलॉइड जातीचे आहेत हे कळले. हा रंग १८८४ चा, सुती कापड पाग न लावता लाल करणारा, आणि काँगोच्या वाटणीसाठी बर्लिनला भरलेल्या परिषदेच्या गाजावाज्याचा फायदा घेऊन बाजारात विकलेला. काँगोतील रबराचे रक्तपाती राज्य आणि म्हाताऱ्यांचा मेंदू यांना जोडणारा असा धागा इतिहासालाच सुचू शकतो. इकडे फ्रँकफुर्टमध्ये वेड्यांचा राजवाडा पाडला गेला, आणि त्याच्या जागेवर १९३० मध्ये आय. जी. फार्बेन या रंगाच्या कारखानदारांच्या महासंघाची प्रचंड कचेरी उभी राहिली. युद्धानंतर तीत अमेरिकी लष्कराचा मुक्काम होता व २००१ पासून विद्यापीठ आहे.

गाठ पडली ती इंग्लंड-स्कॉटलंडात. १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी म्हाताऱ्या रुग्णांची जिवंतपणी परीक्षा घेऊन, मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील चकते मोजले. विस्मृती जितकी अधिक तितके चकते अधिक. म्हणजे पन्नाशीतला दुर्मिळ रोग आणि ऐंशीतला वयाचा धर्म हे दोन्ही एकच. वगळलेले सारे म्हातारे एकदम रोगाच्या यादीत आले, आणि जे कुतूहल होते ते सार्वजनिक संकट झाले. मग १९७४ मध्ये अमेरिकेत ड्राखमन व लेव्हिट यांनी धडधाकट तरुणांना स्कोपोलामीन देऊन स्मरणाच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा त्यांचे गुण म्हाताऱ्यांसारखे उतरले. १९७६ मध्ये एडिंबरोच्या डेव्हिस व मॅलनी यांनी, आणि त्याच सुमारास लंडन व न्यूकॅसल येथील मंडळींनी, अल्झायमरने मेलेल्यांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन घडविणारे विकर मोजून ते फार घटलेले दाखविले. मेंदूच्या तळाशी, व्हिएन्नाच्या माइनर्टने एकोणिसाव्या शतकात वर्णिलेला पेशींचा एक पुंजका आहे. तेथूनच बाह्यकाला हे द्रव्य पुरवले जाते, आणि तो पुंजका या रोगात उजाड होतो, असे १९८२ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये दिसून आले. ते द्रव्य झेलणारे ग्राही, विशेषतः मस्कारिनी जातीचे, मात्र बऱ्याच अंशी शाबूत होते.

ही शेवटची बाब आशेची होती. पार्किन्सनच्या रोगात डोपामीन घटते व त्याचे पूर्वद्रव्य दिले की गुण येतो, हे नुकतेच अनुभवास आले होते. तेव्हा येथेही कोलीन, लेसिथिन असली द्रव्ये रुग्णांना खाऊ घालण्याचा सपाटा चालला आणि तो निष्फळ ठरला. मग लोएवीच्या दुसऱ्या निरीक्षणाची आठवण झाली: पुरवठा वाढवता येत नसेल तर जे आहे ते लवकर मोडू देऊ नये. ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात बनलेले टॅक्रीन या कामी लागले. १९८६ मध्ये सतरा रुग्णांवरील एका प्रयोगाने त्याचा फार बोलबाला केला, त्या प्रयोगावर कठोर टीकाही झाली, आणि १९९३ मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला तरी यकृतावरील दुष्परिणामामुळे ते टिकले नाही. टिकले ते जपानच्या आयझाई कंपनीतील हाचिरो सुगिमोतो यांचे डोनेपेझिल, १९९६ सालचे. सुगिमोतोंची आई स्मृतिभ्रंशाने मुलालाही ओळखेनाशी झाली होती. या औषधाने रोग मागे हटत नाही. काही काळ घसरण सावरते, इतकेच. आरंभी त्याचा जो डंका पिटला गेला तो अवाजवी होता, आणि आज त्याला कुचकामी म्हणण्याची जी पद्धत पडली आहे तीही तितकीच अवाजवी आहे.

दुसऱ्या ग्राहीची कथा पुन्हा फ्रँकफुर्टला येते. मेंदूतील पेशींचे बहुतेक चेतन-संभाषण ग्लुटामेट या द्रव्याने चालते, आणि त्याच्या ग्राहींपैकी एनएमडीए नावाचा जो आहे त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो. निरोप नुसता येऊन भागत नाही. पेशी त्या क्षणी आधीच जागी असावी लागते, तेव्हाच तो आयन बाजूस होतो व कॅल्शियम आत शिरते. दोन घटना एका वेळी घडल्या याची नोंद पेशीपातळीवर होते ती येथे. १९७३ मध्ये ऑस्लो येथे ब्लिस व लोमो यांनी सशाच्या मेंदूत वारंवार चेतवलेले पेशी-पेशींमधील सांधे तासन्‌तास बळकट राहतात हे दाखविले होते. त्याचे इंगित १९८० च्या दशकात या ग्राहीत सापडले. परंतु तेच छिद्र सदा उघडे राहिले तर कॅल्शियमच्या पुराने पेशी मरते. अमेरिकेतील लिली कंपनीने १९६० च्या दशकात मधुमेहासाठी म्हणून बनवलेले व त्या कामी नापास झालेले मेमँटिन, फ्रँकफुर्टच्या मेर्त्स कंपनीने इतर मज्जाविकारांवर विकावयास घेतले. ते गुण देते ते एनएमडीएचे छिद्र अडवून, हे १९८९ मध्ये उमगले. याच छिद्रात बसणारी इतर द्रव्ये इतकी घट्ट बसतात की माणूस भ्रमिष्ट होतो. मेमँटिन सैल बसते आणि खरा निरोप येताच उठून जाते. जो सैलपणा एअरलिखला बंधनाच्या विरुद्ध पुरावा वाटला होता, तोच या औषधाचा गुण ठरला. २००२ मध्ये युरोपात व २००३ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी त्याला मंजुरी मिळाली.

तरी चकत्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. १९८४ मध्ये सान दिएगोच्या ग्लेनर व वाँग यांनी अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाचा तुकडा वेगळा केला आणि सारे संशोधन पुन्हा रंगाऱ्यांच्या वाटेने धावू लागले. पण १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी व त्याच्या सहकाऱ्यांनी मोजदाद करून दाखविले की, बुद्धीच्या ऱ्हासाशी सर्वांत निकटचे नाते चकत्यांच्या संख्येचे नसून पेशी-पेशींमधील सांध्यांच्या नाशाचे आहे. पुढे असे दिसू लागले की चकता हा बहुधा साचलेला गाळ असून अपाय करतात ते त्याआधीचे, पाण्यात विरघळलेले, दोन-चार रेणूंचे अमिलॉइडचे पुंजके. डब्लिन व बॉस्टनच्या संशोधकांनी २००२ मध्ये ते उंदराच्या मेंदूत सोडले तेव्हा सांध्यांची बळकटी टिकेनाशी झाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ग्रीनगार्डच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये दाखविले की अमिलॉइडच्या सान्निध्यात चेतापेशी आपले एनएमडीए ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते. निरोप्या वेळेवर येतो, परंतु घरच्यांनी दारच काढून भिंत घातलेली असते. अल्झायमरचा चकता आणि एअरलिखचा ग्राही यांची एकाच पेशीवर समोरासमोर भेट झाली ती अशी. या शाखेत काळेबेरेही घडले: अशाच एका पुंजक्याविषयीचा २००६ चा, 'नेचर'मध्ये छापलेला व हजारोंनी उल्लेखिलेला निबंध, चित्रांत फेरफार झाल्याचे निघाल्याने २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. एका निबंधाने सारी उपपत्ती कोसळते असे म्हणणारे, त्याच उपपत्तीला दुजोरा देणारे इतरांचे स्वतंत्र प्रयोग विसरतात.

आता रंग जिवंत माणसालाही देता येतो. पिट्सबर्गच्या क्लंक व मॅथिस यांनी काँगो रेडच्या वंशातील द्रव्यांवर वर्षानुवर्षे खटपट केली, पण ती मेंदूत शिरेनात. तेव्हा थायोफ्लेविन या पिवळ्या रंगात फेरफार करून, त्याला किरणोत्सर्गी कार्बन जोडून त्यांनी असे द्रव्य बनवले, की ते शिरेतून दिले असता चकत्यांवर जाऊन बसते व बाहेरच्या यंत्राला दिसते. २००२ मध्ये उप्साला येथे ते प्रथम एका रुग्णाला दिले गेले. त्या यंत्राने जे दाखविले ते मोठे अडचणीचे होते: स्मरणशक्ती शाबूत असलेल्या कित्येक वृद्धांचे मेंदू चकत्यांनी भरलेले निघाले. चकते धुऊन काढणारे लेकॅनेमॅब हे प्रतिपिंड २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. १,७९५ रुग्णांवरील अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला, म्हणजे अठरा गुणांच्या मापावर अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी फरक पडला, आणि काहींच्या मेंदूत सूज व रक्तस्राव झाला. ग्राहींच्या बाजूने पाहता, १९९७ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर तपासून पोटाच्या त्रासापायी सोडून दिलेले झॅनोमेलीन, मस्कारिनी ग्राहींना थेट चेतविणारे, ते २०२४ मध्ये शरीरातले दुष्परिणाम रोखणाऱ्या दुसऱ्या द्रव्याची जोड देऊन छिन्नमनस्कतेसाठी परत आले आहे, आणि अल्झायमरमधील भ्रमांवर त्याची पुन्हा परीक्षा चालू आहे.

ऑगुस्ट देटरचे दप्तर १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्टच्या विद्यापीठ इस्पितळात, जुन्या कागदांत सापडले: बत्तीस पाने, अल्झायमरच्या हस्ताक्षरासह, तिच्या मेंदूचे काप त्यानंतर म्यूनिकला मिळाले. तिला त्या वेळी देण्याजोगे औषध नव्हते, कोमट पाण्याचे टब आणि झोपेची गुंगी एवढाच उपचार होता. पुण्या-मुंबईच्या औषधांच्या दुकानांत आज डोनेपेझिल आणि मेमँटिन ही दोन्ही द्रव्ये एकाच गोळीत मिळतात. चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर बहुधा घरच्यांना एवढेच सांगतो की हिने आजार जाणार नाही, रात्री जेवणानंतर द्यावी, आणि पहिले काही आठवडे मळमळले तर घाबरून बंद करू नये.